काडी कोरडी निघाली: बाबांच्या गाडीच्या इंजिन ऑइलची पूर्ण केस

गेल्या वर्षी मे महिन्यातली गोष्ट. गुरुवार होता, आईबाबा शेगावला दर्शनाला गेले होते आणि परत अकोल्याला येताना बाळापूरच्या अलीकडे एका वळणावर मीटरमध्ये लाल दिवा लागला, तो चिरागासारखा असतो ना तो. एक सेकंद लागला आणि गेला. पुढच्या वळणावर परत लागला. बाबांनी गाडी सावलीत बाजूला घेतली (हे त्यांचं शहाणपण, मी असतो तर घरापर्यंत रेटली असती) आणि मला पुण्याला फोन केला. मी म्हणलं इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा, बोनेट उघडा, ऑइलची काडी काढा, फडक्याने पुसा, परत पूर्ण आत घाला, परत काढा आणि सांगा तेल कुठपर्यंत लागलंय. बराच वेळ नुसता ट्रकचा आवाज. मग बाबा म्हणाले, "अरे काडी कोरडी आहे, नुसतं टोक ओलं दिसतंय."

तर ही केस त्या कोरड्या काडीपासून सुरू होते. आणि मजा अशी की पुढचा महिनाभर आमच्या घरात वाद झाला तो 'कुठलं ऑइल टाकायचं' यावर, 'आधीचं ऑइल गेलं कुठे' हे कुणी विचारतच नव्हतं. मीपण नाही.

आधी गाडीची कुंडली सांगतो. पेट्रोल, १.२ लिटर, चार सिलिंडर, २०१३ ची, तेव्हा ८७ हजार झालेली. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण नाव दिलं की लोक बाकीचं वाचत नाहीत, तेवढं बघून तेच ऑइल आणून टाकतात. बाबा रिटायर झाल्यापासून गाडी वर्षाला पाच हजारच्या आसपास चालते, त्यातल्या बहुतेक फेऱ्या म्हणजे घर ते भाजीबाजार, घर ते बँक, तीन किलोमीटर जायचं नि तीन यायचं. वर महिन्यातून एकदोनदा शेगाव आणि वर्षातून एकदा चिखलदऱ्याचा घाट. कंपनीच्या सर्व्हिसला जाणं पाचेक वर्षांपूर्वी बंद केलं, तेव्हापासून गाडी आमच्या मिस्त्रीभाऊंकडे. माणूस हाताने हुशार, वीस वर्षांची ओळख, रात्री अकराला फोन केला तरी येतो. हे आधीच सांगून ठेवतो कारण पुढे मी त्यांच्याशी भांडणार आहे.

त्या दिवशी बाळापूरला पहिल्या दुकानात जे मिळालं ते, म्हणजे २०डब्ल्यू-५० चा (तेलाच्या जाडीचा नंबर, अर्थ पुढे सांगतो) एक लिटरचा डबा, बाबांनी ओतला आणि हळूहळू घरी आले. हे बरोबरच केलं. तेल नसलेल्या इंजिनात चुकीच्या नंबरचं तेल टाकणं हे तेल न टाकण्यापेक्षा हजारपट बरं, तिथे ग्रेड बघत बसायचं नसतं. आणि तो लाल दिवा, लोकांना वाटतं तो 'ऑइल कमी' सांगतो. तो प्रेशर सांगतो. तेल इतकं खाली गेलं की वळणावर चेंबरमधलं तेल एका बाजूला सरकतं, पंपाच्या तोंडात हवा जाते, प्रेशर पडतं, तेव्हा कुठे तो पेटतो. म्हणजे तो दिवा लागला तर आधीच फार उशीर झालेला असतो. (काही नव्या गाड्यांत लेव्हलचा वेगळा सेन्सर असतो, ह्यात नाही.)

मग सुरू झाले सल्ले.

मिस्त्रीभाऊ म्हणाले, "काकाजी, गाडी आता म्हातारी झाली, जुन्या इंजनाले पातळ तेल पचत नाही, वीस-पन्नासच टाकत जा, मी दोन वर्षांपासून तेच टाकून रायलो." हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की दोन वर्षांपूर्वी एकदा तेल कमी आढळलं होतं आणि त्यावर उपाय म्हणून त्यांनी जाड ऑइल सुरू केलं होतं. मी शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरला फोन लावला, तिथल्या मुलाने गाडीचं साल न विचारताच सांगितलं की सर आम्ही सगळ्यांना झिरो-ट्वेंटी फुल सिंथेटिकच टाकतो, सोबत इंजिन फ्लश आणि एक अॅडिटिव्ह घ्या, एंजिन नव्यासारखं होईल. साल न विचारता सांगितलं म्हणजे त्यांच्याकडे एकच ड्रम आहे एवढाच त्याचा अर्थ मी घेतला. आणि तिसरे आमचे मामा, त्यांच्याकडे शेतात ट्रॅक्टरसाठी आणलेला १५डब्ल्यू-४० चा मोठा डबा अर्धा पडून होता, "तेल ते तेल, विकत कशाला घेता."

२०डब्ल्यू-५०, ०डब्ल्यू-२०, १५डब्ल्यू-४०. एकाच गाडीला तीन टोकाची तीन तेलं आणि तिघंही छातीठोकपणे.

मी बाबांना म्हणलं गाडीचं पुस्तक काढा. पुस्तक म्हणजे मॅन्युअल, ते ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत, आरसी झेरॉक्स आणि २०१३ च्या इन्शुरन्ससोबत तसंच कोरं. त्यात शेवटच्या पानावर लिहिलेलं: ५डब्ल्यू-३०, फिल्टरसह ३.१ लिटर, दहा हजार किलोमीटर किंवा बारा महिने, जे आधी होईल ते. म्हणजे तिघांपैकी एकानेही पुस्तकातलं उत्तर दिलेलं नव्हतं.

आता पुस्तकात लिहिलंय म्हणून गप्प बसा असं सांगून मिस्त्रीभाऊ ऐकणार नव्हते आणि बाबा त्यांचंच ऐकणार, म्हणून मला नीट समजून घ्यावं लागलं, ते इथे लिहितो.

डब्यावरचा तो 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. बरेच जण वेट, म्हणजे वजन, समजतात. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत तेल किती घट्ट होतं ते सांगतो, आणि ती थंडी म्हणजे आपली नाही, ५डब्ल्यूची टेस्ट उणे ३० अंशाला होते आणि २०डब्ल्यूची उणे १५ ला. नंतरचा आकडा इंजिन गरम झाल्यावर, १०० अंशाला, तेल किती जाड राहतं त्याचा. तो ३० असेल तर ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या मध्ये, ५० असेल तर १६.३ ते २१.९. सेंटिस्टोक म्हणजे फार डोक्याला ताप नको, वाहायला किती कुरकुर करतं त्याचं माप समजा.

आता इथे लोक म्हणतात, अकोल्यात कुठे उणे ३० होतंय, मग ५डब्ल्यू घेऊन करायचं काय, हे थंड देशांचं आहे. मलाही आधी पटायचं हे. पण कंपन्यांच्या डेटाशीट उघडून ४० अंशाचा आकडा बघितला आणि माझं मत फिरलं. ४० अंश म्हणजे मे महिन्यात सावलीत उभ्या असलेल्या गाडीचं तापमान धरा. त्या तापमानाला साधारण ५डब्ल्यू-३० असतं ६०-७० सेंटिस्टोक आणि २०डब्ल्यू-५० असतं दीडशेच्या वर. आणि इंजिन गरम झाल्यावर त्याला हवंय किती, तर दहा-अकरा! म्हणजे भर मे महिन्यातसुद्धा गाडी चालू करताना पाच-तीस गरजेच्या सहापट जाड असतं आणि वीस-पन्नास पंधरापट. डिसेंबरात सकाळी अकोल्यात दहा-बारा अंश असताना तर विचारूच नका. गाडी चालू करताना कुठलंच तेल पातळ नसतं, सगळीच जाड असतात, प्रश्न एवढाच की किती लवकर वरपर्यंत पोचतं. आणि बाबांच्या गाडीची निम्मी जिंदगी त्या पहिल्या तीन किलोमीटरमध्येच चाललीये, तेल पूर्ण गरम व्हायच्या आत भाजीबाजार येतो.

मग मिस्त्रीभाऊंचा मुख्य मुद्दा, जो सगळ्या महाराष्ट्रात ऐकायला मिळतो, की आपल्याकडे ऊन कडक, पारा ४५ च्या वर, तेल पाण्यासारखं होतं म्हणून जाड पाहिजे. यात अर्धं खरं आहे. हवा तापली की रेडिएटरला जास्त काम पडतं, घाटात एसी लावून चार माणसं घेऊन चढताना तेल तापतंच. पण बाहेर २५ असो की ४५, थर्मोस्टॅट आणि फॅन मिळून पाणी ९० अंशाच्या आसपास धरून ठेवतात, नेहमीच्या चालण्यात तेलही ९०-११० च्या दरम्यान राहतं. बाहेरचे वीस अंश वाढले म्हणजे आत वीस अंश वाढले असं होत नाही. आणि बेअरिंगमध्ये जिथे खरा दाब असतो तिथली जाडी मोजायला वेगळी टेस्ट आहे, १५० अंशाला, दाबात आणि वेगात, तिथे ३० नंबरच्या तेलाला किमान २.९ (हे माप वेगळं, सेंटिपॉइज) मिळवावे लागतात, २० नंबरला २.६. म्हणजे ज्याने इंजिन बनवलं त्याने ३० म्हणताना आपल्या चिखलदऱ्याचा हिशोब थोडाफार केलेलाच आहे, भारतात विकायची गाडी आहे त्याची.

जाड तेलाचे तोटे या गाडीत दिसतही होते, आम्ही वयावर ढकलत होतो. सकाळी स्टार्ट केल्यावर दोन-तीन सेकंद खडखड. इंजिनाच्या आतली साखळी, म्हणजे टायमिंग चेन, तिचा टेन्शनर तिला तेलाच्या प्रेशरवर ताणून धरतो, प्रेशर यायला वेळ लागला की चेन सैल वाजते. व्हीव्हीटीची (व्हॉल्व्ह उघडायची वेळ मागेपुढे करणारी) यंत्रणा पण तेलावरच हलते, बारीक भोकं आणि जाळी आहे तिच्यात. अॅव्हरेज १७ वरून साडेपंधरावर आलेलं. सगळा दोष ऑइलचा म्हणणार नाही, टायरमध्ये हवापण कमी असायची, पण काही वाटा नक्की.

मामांचं ट्रॅक्टरचं तेल का नको ते पटकन सांगतो. डब्यावर गोल शिक्का असतो एपीआयचा (तेलाचे दर्जे ठरवणारी अमेरिकेतली संस्था), त्यात एसने सुरू होणारी अक्षरं पेट्रोलसाठी (एसएल २००१, एसएम २००४, एसएन २०१०, एसपी २०२०, आणि २०२५ पासून एसक्यू) आणि सीने सुरू होणारी डिझेलसाठी, सीएच-४, सीआय-४ वगैरे. मामांच्या डब्यावर फक्त सीचीच अक्षरं होती. काही डब्यांवर दोन्ही असतात, तेव्हा चालतं, पण डिझेलच्या जड तेलात फॉस्फरस आणि राख होणारी द्रव्यं जास्त असू शकतात आणि पेट्रोल इंजिन जर तेल जाळत असेल तर ती सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची हळूहळू वाट लावतात. आमचं इंजिन तेल जाळतंय की गळतंय हेच माहीत नव्हतं, मग कशाला. मामा थोडे नाराज झाले, ठीके.

आणि झिरो-ट्वेंटी? ते वाईट तेल अजिबात नाही, हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना तेच लागतं, काही जपानी इंजिनांना तर ०डब्ल्यू-१६ पण आलंय. पण ती इंजिनं त्या तेलासाठी बनवलेली, पंप तसा, बेअरिंग तशी. आमच्या २०१३ च्या पुस्तकात ते नव्हतं, इंजिन बारा वर्षं जुनं आणि त्यातून तेल कमी होण्याची सवय असलेलं, तिथे सर्वात पातळ टोकाला जायचं मला काही कारण दिसेना. फ्लश आणि अॅडिटिव्हला तर सरळ नाही म्हणलं, चांगल्या तेलात धुणारी द्रव्यं असतातच, आणि दोन वर्षं काय साचलंय माहीत नसताना एकदम खरवडून काढलं तर ते जाऊन पंपाच्या जाळीत अडकायची भीती.

तर मी जूनमध्ये दोन दिवस रजा टाकून अकोल्याला गेलो, मिस्त्रीभाऊंच्याच गॅरेजमध्ये, त्यांच्याच हाताने चेंज करायचं ठरलं. एक गोष्ट मी आवर्जून करायला लावली, ती म्हणजे निघालेलं तेल मोजायचं. कुणीच मोजत नाही, तसंच बॅरलमध्ये जातं. निघालं सव्वादोन लिटर, त्यातलं एक लिटर बाळापूरचं. म्हणजे त्या वळणावर इंजिनात जेमतेम सव्वा लिटर होतं, पाहिजे ३.१! आधीचं चेंज झालं होतं ४,३०० किलोमीटरपूर्वी. हिशोब केला तर हजार किलोमीटरला चारशे मिलीच्या वर तेल जात होतं, आणि ते वीस-पन्नास असताना. आकडा बघून मिस्त्रीभाऊपण जरा गप्प झाले.

इथे माझी एक चूक कबूल करतो. मी पुण्याहून साडेतीन लिटरचा कॅन घेऊन गेलो होतो, ५डब्ल्यू-३०, एपीआय एसपी, आणि डोक्यात असं बसलेलं की कॅन साडेतीनचा म्हणजे गाडीत साडेतीन. सगळा ओतला. काडी काढली तर तेल वरच्या खुणेच्याही चांगलं बोटभर वर. जास्त तेल म्हणजे जास्त चांगलं असं नसतं, फिरता क्रँक त्यात आपटतो, तेलाचा फेस होतो, आणि फेसाला प्रेशर धरता येत नाही. परत खालचा नट सैल करून जास्तीचं काढलं, मिस्त्रीभाऊ मिश्कील हसले, तेवढा हक्क त्यांचा.

त्याच वेळी फिल्टरही कंपनीचा बसवला. आधीचा लोकल होता, स्वस्तातला, आणि अशा फिल्टरमध्ये ती रबराची झडप नीट नसते जी गाडी उभी असताना तेल फिल्टरमध्येच धरून ठेवते, मग रात्रभरात फिल्टर रिकामा आणि सकाळी पुन्हा भरेपर्यंत खडखड. दुसऱ्या दिवशी सकाळी खडखड गेली होती. ऑइलमुळे गेली की फिल्टरमुळे ते मला सांगता येणार नाही, दोन्ही एकदम बदलले, एकेक बदलायला पाहिजे होते.

मी बाबांना कॅलेंडरवर लिहायला लावलं, दर रविवारी सकाळी थंड गाडीची काडी बघायची, सपाट जागेवर, आणि किलोमीटरसोबत नोंद करायची. दोन खुणांच्या मध्ये आमच्या गाडीत साधारण एक लिटर बसतं, त्यावरून अंदाज येतो. सहाशे किलोमीटरनंतर बाबांचा फोन, तीनशे मिली कमी झालं. म्हणजे हजाराला पाचशे, आधीपेक्षा जास्तच! मिस्त्रीभाऊंना कळल्यावर त्यांचा आवाज आठवतोय, "सांगितलं होतं काकाजी, पातळ तेल पळते."

आणि खरंच, त्या दिवशी मी हरलो असं मलाही वाटलं. पण रात्री विचार केला, पातळ तेल 'पळतं' म्हणजे नेमकं कुठून पळतं? जळायचे दोन मुख्य रस्ते, पिस्टनच्या रिंगांमधून किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून, आणि तसं असेल तर बहुतेक निळा धूर दिसतो, विशेषतः सकाळी स्टार्टला किंवा उतारावरून आल्यावर परत रेस दिली की. धूर नव्हता. पिकअप बरा होता. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवायला सांगितलं, सुकी काजळी, तेलकट नाही. मग गळतंय म्हणावं तर पार्किंगमध्ये फरशीवर डाग नाही, मी जाड पुठ्ठा रात्रभर ठेवायला सांगितला तोही कोरा.

हे सगळं मी स्पीकरवर बोलत होतो आणि मागून आई म्हणाली, "त्या वासाचं काही होणारे का पण?"

कसला वास?

"जळका. सिग्नलला थांबलं की एसीतून येतो. वर्षभर झालं सांगतेय तुझ्या बाबांना, ते म्हणतात ट्रकचा असेल."

तेवढ्यात सगळं जुळलं. तेल फरशीवर पडतच नव्हतं, कारण ते वरून टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) मागच्या कडेने झिरपून गरम एक्झॉस्टवर पडत होतं आणि तिथेच जळून जात होतं. ना डाग ना निळा धूर, फक्त वास, आणि वास फक्त बाजूच्या सीटवर बसणाऱ्या माणसाच्या लक्षात आला होता, जिला ऑइलबद्दल कुणी एक प्रश्न विचारला नव्हता.

मिस्त्रीभाऊंनी दुसऱ्या दिवशी कव्हर उघडलं. मागच्या बाजूचं पॅकिंग कडक होऊन चपटं झालेलं, प्लास्टिकसारखं तुटत होतं, आणि तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या खोबणीत तेल साचलेलं. बारा वर्षं आणि विदर्भातले बारा उन्हाळे, रबर दुसरं काय करणार. मी फोनवर म्हणलं पीसीव्ही व्हॉल्व्ह पण बघा, तो जाम असेल तर इंजिनातल्या वायूंचा दाब बाहेर जायला वाट उरत नाही आणि तो प्रत्येक पॅकिंगमधून तेल ढकलतो, नुसतं नवीन पॅकिंग लावून उपयोग नाही. काढून हलवला, खुळखुळायला पाहिजे, खुळखुळला नाही. दोन्ही बदलले, मजुरीसकट पंधराशेच्या आत काम झालं. ज्या गळतीवर दोन वर्षं जाड तेलाचा इलाज चालू होता ती पंधराशे रुपयांची होती. जाड तेलाने गळती थोडी मंदावली, म्हणून तर कुणाला शोधावीशी वाटली नाही.

पॅकिंगनंतरच्या दोन हजार किलोमीटरमध्ये काडीवर फरक पडला तो शंभर-सव्वाशे मिलीचा, एवढं तर नव्या गाड्याही खातात, काही कंपन्या हजाराला अर्ध्या लिटरपर्यंत नॉर्मल म्हणतात. अॅव्हरेज सोळाच्या वर आलं, सतरा नाही झालं.

फुल सिंथेटिक की सेमी, यावर पण बाबांनी बरंच विचारलं. माझं म्हणणं, 'सिंथेटिक' शब्दाला फार भुलू नका. १९९९ साली अमेरिकेत मोबिल विरुद्ध कॅस्ट्रॉल असा जाहिरातीचा वाद झाला होता आणि तेव्हापासून खूप शुद्ध केलेल्या खनिज तेलालाही सिंथेटिक म्हणायला वाट मोकळी झाली, म्हणजे तो शब्द बराचसा जाहिरातीचा आहे. बघायचं काय तर ग्रेड आणि एपीआयची अक्षरं. तरी मी फुल सिंथेटिकच घेतलं, कारण आमच्या शहरात ५डब्ल्यू-३० मध्ये एसपी जे मिळालं ते तेच होतं आणि सेमीशी फरक सातआठशे रुपयांचा, वर्षातून एकदा. पण त्या डब्यावर जे पंधरा हजार किलोमीटर चालेल म्हणून छापतात ते आमच्या कामाचं नाही. बाबांची गाडी वर्षाला पाच हजार, त्याही तीन-तीन किलोमीटरच्या तुकड्यात, तेल नीट तापत नाही, पेट्रोलचा अंश आणि पाण्याची वाफ त्यात राहून जाते, थंडीत टोपणाखाली पिवळट साय दिसते ती हीच. अशा गाडीला किलोमीटर बघायचे नाहीत, वर्ष झालं की बदलायचं, तेल सोनेरी दिसत असलं तरी. आणि उलट, काळं दिसलं म्हणून घाबरायचंही नाही, काजळी पकडून धरणं हेच त्याचं काम, डिझेल गाडीत तर नवं तेल काही दिवसात काळं होतं. रंगावर कुणी शपथ घेत असेल तर सोडून द्या. शेजारच्या काकांची सीएनजी गाडी आहे, तिचं तेल आठ हजारानंतरही मधासारखं स्वच्छ दिसायचं आणि ते खुशीत बदलायचेच नाहीत, सीएनजीत काजळी नसते म्हणून तसं दिसतं, तेल आतून जुनं व्हायचं ते होतंच.

उरलेलं चारशे मिली बाबा बाइकमध्ये टाकणार होते, वेळेत थांबवलं. बाइकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच भिजलेला असतो, कारच्या अशा तेलात घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, क्लच घसरायला लागला तर नवीनच काम. बाइकला डब्यावर जासो एमए (बाइकच्या तेलाचा जपानी दर्जा) लिहिलेलं लागतं. उरलेली बाटली आता डिकीत असते, त्यावर बाबांनी पट्टी चिकटवून लिहिलंय 'फक्त कार'. आणि रिकामा कॅन भंगारात देताना त्याला स्क्रू ड्रायव्हरने भोक पाडून दिला, नाहीतर त्यातच परत काहीतरी भरून विकतात.

हे वाचून कुणी आपल्या गाडीत डोळे झाकून पाच-तीस टाकू नका मात्र. आमच्याच घरात भावजींची बीएस-६ डिझेल आहे, डीपीएफवाली (धुरातली काजळी पकडणारा फिल्टर असलेली), तिला आमचं हे तेल चालणारच नाही, तिला कमी राख होणारं, डब्यावर एसीईए (युरोपातला दर्जा) सी२ किंवा सी३ असं जे काय त्यांच्या पुस्तकात असेल ते लागतं, नाहीतर राख त्या फिल्टरमध्ये साचते आणि ती नंतर जळूनही जात नाही. बहिणीची टर्बो पेट्रोल आहे तिथे एसपीच्या खाली जाऊ नको म्हणून सांगितलंय, छोट्या टर्बो इंजिनात कमी आरपीएमला जोर दिला की वेळेआधीच भडका व्हायचा जो त्रास आहे त्याची टेस्ट एसपीमध्ये घेतली जाते. एका घरात तीन गाड्या, तीन डबे.

या मे महिन्यात वर्ष होत आलं, चेंज केला. निघालेलं तेल परत मोजलं, २.८ लिटर. आई म्हणते वास नाही. बाबा अजून रविवारी काडी बघतात, कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी 'ऑ. ठीक' असं लिहिलेलं असतं. पुढेमागे रिंगा खरंच झिजल्या आणि तेल जळायला लागलं तर आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चेक करायचं आणि मग ५डब्ल्यू-४० चा विचार करायचा असं मी आणि मिस्त्रीभाऊंनी चहावर बोलून ठेवलंय, म्हणजे मी बोललो. ते म्हणाले, "चाळीस कशाले, तेव्हा पन्नासच टाकू."